गाण्याची धनीण

एखाद्या कलावंताच्या अनेक ध्वनिमुद्रिकांमधून सर्वाधिक गाजलेली दहा-बारा गाणी वेचून ती एकाच तबकडीवर आणण्याची पद्धत पाश्चात्त्य संगीतव्यवसायात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली, आणि १९५८ मध्ये जॉनी मॅथिस या अमेरिकी गायकाचा जो संग्रह निघाला, त्याच्यापासून या प्रकाराचा आरंभ सामान्यतः मानला जातो. कंपनीच्या दृष्टीने असा संग्रह म्हणजे जुन्याच मालावर मिळणारे नवे उत्पन्न असते, तर श्रोत्याच्या दृष्टीने ती एका आवाजाशी झालेली सोयीची ओळख असते. परंतु जी स्त्री स्वतः गाणे रचते आणि स्वतःच ते गाते, तिच्या बाबतीत असा संग्रह याहून मोठे काम करून जातो. तिच्या आयुष्यातले काय तिच्या नावावर राहील आणि काय राहणार नाही, याचा निवाडा तो परस्पर करून टाकतो. हा निवाडा नेमका कोणत्या निकषावर होतो, हा प्रश्न न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रण दालनांपुरता नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या जात्यावर आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावर ज्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या गाणी रचली, त्यांच्यापर्यंत तो येऊन पोहोचतो.

पॉप आणि रॉक यांच्या सीमेवरचे, म्हणजे नाचाच्या ठेक्याला आणि गिटार-पियानोच्या साथीला अगदी खासगी अनुभवाची जोड देणारे जे गाणे १९७० च्या सुमारास अमेरिकेत उदयाला आले, त्याच्या अग्रणी स्त्रियांमध्ये कॅरोल किंग यांचे नाव घ्यावे लागते. १९४२ मध्ये जन्मलेल्या या बाईंनी कारकिर्दीची पहिली दहा वर्षे दुसऱ्यांसाठी गाणी रचण्यात घालवली. शब्द बहुधा त्यांचे तेव्हाचे पती गेरी गॉफिन यांचे असत आणि चाल त्यांची असे. शिरेल्स या कृष्णवर्णीय मुलींच्या गटाने गायलेले त्यांचे एक गाणे १९६१ च्या आरंभी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिन यांनी गायलेले दुसरे गाणे तर स्त्रीत्वाचे जणू घोषगीतच होऊन बसले. पुढे १९७१ मध्ये ‘टॅपेस्ट्री’ या संग्रहात किंगबाईंनी ही दोन्ही गाणी नव्या रचनांसोबत स्वतःच्या, काहीशा खरखरीत आणि अलंकारहीन आवाजात गायली. तो संग्रह सलग पंधरा आठवडे विक्रीत अग्रस्थानी राहिला. मात्र १९७८ मध्ये त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा जो संग्रह काढण्यात आला, त्यात १९७१ पासून त्यांच्याच आवाजात विक्रीच्या यादीवर चढलेली गाणी घेतली गेली आणि इतर गायिकांच्या मुखाने जगभर पसरलेल्या त्या जुन्या रचना बाहेर राहिल्या. जी गाणी सर्वाधिक लोकांच्या ओठांवर होती तीच रचणारीच्या संग्रहातून वगळली गेली, आणि यात कोणाचा दुष्टावा नव्हता. गाजणे हे आवाजाच्या आणि कंपनीच्या नावावर मांडले जाते, रचणारीच्या नावावर मांडले जात नाही, एवढाच हिशेबाचा नियम त्यामागे होता.

या नियमाला उघड हरकत घेतली ती जोनी मिचेल यांनी. कॅनडात जन्मलेल्या या कवयित्री-गायिकेकडे कंपनीने १९९६ मध्ये गाजलेल्या गाण्यांचा संग्रह मागितला, तेव्हा त्यांनी त्याच्याबरोबर न गाजलेल्या गाण्यांचाही तेवढाच मोठा संग्रह काढण्याची अट घातली, आणि ‘हिट्स’ व ‘मिसेस’ असे दोन संग्रह एकाच वेळी बाजारात आले. यांतला दुसरा संग्रह हा कलावंताने स्वतःच्या आयुष्यावर सांगितलेला हक्कच होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. लोकांनी निवडले ते लोकांचे आणि मी निवडले ते माझे, अशी ही वाटणी होती.

मराठी भावगीत आणि चित्रपटगीत यांच्या व्यवहारात हा प्रश्न सहसा उभाच राहिला नाही, कारण तेथे गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन निराळी आसने प्रथमपासून मांडलेली होती. यवतमाळला १९७३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते. गाण्यासाठी लिहिणारा कवी हा साहित्यिकच होय, या जाणिवेला त्या निवडीने मान्यता मिळाली. परंतु या तीन आसनांपैकी स्त्रीच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच आले, ते ध्वनिक्षेपकासमोरचे. शांता शेळके यांनी गीतकाराचे आसन सन्मानाने मिळवले, ते त्या काळात विरळच होते. स्वतः लता मंगेशकरांनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिले ते ‘आनंदघन’ या टोपणनावाने, आणि १९६५ च्या ‘साधी माणसं’ या चित्रपटाच्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हाही ते नाव आडच उभे होते. ज्या बाईच्या आवाजाला देशात कोठेही ओळखपत्र लागत नव्हते, तिला चाल देताना बुरखा घ्यावासा वाटला, ही गोष्ट मराठी संगीताच्या इतिहासात आजवर मिळाली त्याहून अधिक लक्ष मागते. पुढे २००२ मध्ये ‘ऐका दाजीबा’ या संग्रहाने मराठी पॉप घराघरांत आणि वरातीच्या बँडपर्यंत नेले. त्यात वैशाली सामंत यांचा आवाज अग्रभागी होता, संगीत मात्र अवधूत गुप्ते यांचे होते. वाटणी तीच राहिली.

ही वाटणी डोळ्यांनी पाहायची असेल तर ऐंशी-नव्वदच्या दशकांतील कॅसेटच्या डबीतले घडीचे कागद पाहावेत. यवतमाळ, वणी, पांढरकवडा किंवा उमरखेडच्या बाजारपेठेत त्या काळी देवगीतांच्या, भीमगीतांच्या, लग्नगीतांच्या आणि गोंधळाच्या कॅसेटी रेडिओ-घड्याळांच्या दुकानांत काचेमागे रचलेल्या असत. घडीच्या दर्शनी बाजूवर गायिकेचे छायाचित्र आणि ठळक अक्षरांत तिचे नाव असे. कागद उलगडला की आत बाजू ‘अ’ आणि बाजू ‘ब’ अशा दोन रकान्यांत गाण्यांचे मुखडे छापलेले असत, आणि प्रत्येक मुखड्यासमोर बारीक टाइपात गीतकाराचे नाव असे. पण जात्यावरच्या, पाळण्याच्या किंवा भुलाबाईच्या गाण्यासमोर, म्हणजे जे गाणे निश्चितपणे कोणत्या तरी बाईने कधी तरी प्रथम रचले होते त्या गाण्यासमोर, नावाच्या जागी ‘पारंपरिक’ एवढेच लिहिलेले असे. पुरुष गीतकाराची सुमार चारोळीही नावानिशी उतरली होती आणि शंभर वर्षे टिकलेली ओवी बेवारस ठरली होती. कॅरोल किंग यांच्या संग्रहाला लागू पडलेला नियम येथे अधिकच कठोर रूपात दिसतो: जे गाणे सर्वांत जास्त गायले गेले, तेच आपल्या रचणारीच्या नावापासून सर्वांत दूर गेले.

वास्तविक गाणे रचणारी आणि गाणारी ही एकच बाई असणे, ही या प्रदेशात कित्येक शतकांची रीत होती. यवतमाळ हा कापसाइतकाच ज्वारीचा जिल्हा. गावोगावी पिठाच्या गिरण्या येईपर्यंत घरातल्या दिवसभराच्या भाकरीचे पीठ पहाटेच्या अंधारात जात्यावर निघत असे. सासू-सून, जावा-जावा किंवा शेजारणी समोरासमोर बसत, एकमेकींच्या हातावर हात येईल अशा रीतीने खुंटा धरत आणि मोकळ्या हाताने मुठीमुठीने दाणे टाकत. एकीने ओवी उचलायची आणि दुसरीने ती झेलून पुन्हा म्हणायची, असा क्रम चाले. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते. तिची चाल दगडाच्या फेऱ्याशी बांधलेली असल्यामुळे नवीन शब्द बसवायला फार कसब लागत नाही, आणि म्हणूनच जिला अक्षरओळख नव्हती अशी बाईही भावाचे नाव, गावचा पाणवठा, नवऱ्याचा राग किंवा पंढरीची ओढ त्या दोन ओळींत आपल्या परीने गोवू शकत असे. प्रत्येक ओवी प्रत्येकीने नव्याने रचली असे नव्हे. माहेराहून आणलेली ओवी सासरी येऊन बदलत असे, आणि त्या बदलातच रचना असे. येथे निवड कोण करत होते? जी ओवी ऐकून समोरची बाई दुसऱ्या दिवशी स्वतःच्या जात्यावर उचलत असे, ती टिकत असे. जी कोणी उचलली नाही, ती पिठाबरोबर संपत असे. गाजलेल्या गाण्यांचा संग्रह येथेही होताच, परंतु तो कोणाच्याही मालकीचा नव्हता, आणि या मुक्तपणाची किंमत म्हणून त्यात नावेही उरली नाहीत.

नाव उरले त्याचे विरळ उदाहरण म्हणजे खानदेशातील बहिणाबाई चौधरी. कापसाच्याच दुसऱ्या एका मुलखातील या शेतकरी बाईने रचलेली गाणी तिचा कवी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ऐकून उतरवून घेतली, आणि १९५१ मध्ये तिचा मृत्यू झाल्यानंतर पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली. मराठीत स्वतः रचून गाणाऱ्या स्त्रीच्या निवडक गाण्यांचा पहिला सर्वमान्य संग्रह कोणता, असे विचारले तर बोट याच पुस्तकाकडे जाईल. मात्र त्यातील निवड तिची नव्हती. जे कानावर पडले आणि जे कागदावर उतरले तेवढेच वाचले. तिच्या शेजारच्या शेतात तितक्याच ताकदीची दुसरी बाई गात नव्हती, असे कोण सांगू शकेल? त्या दुसरीच्या घरात कवी मुलगा नव्हता, एवढाच कदाचित फरक असेल.

गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून आरंभ करून पुढे महाराष्ट्रभरच्या हजारावर गावांतून, तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून, एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाचे मोल संख्येत नाही. प्रत्येक ओवीसमोर गाणारीचे नाव आणि गाव लिहिण्याचा जो दंडक त्यांनी पाळला, त्यात ते आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने २०१७ पासून या ओव्या आवाजासह लोकांसमोर आणायला सुरुवात केली, तेव्हा कॅसेटच्या घडीत ‘पारंपरिक’ म्हणून मिटवलेल्या जागेत प्रथमच माणसांची नावे दिसू लागली.

यवतमाळच्या पश्चिम आणि दक्षिण भागात, म्हणजे दारव्हा, दिग्रस, पुसद, महागाव, उमरखेड, आर्णी या तालुक्यांत, हा प्रश्न आणखी एका अंगाने विचारावा लागतो, कारण तेथे बंजारा समाजाच्या वस्त्या, ज्यांना तांडे म्हणतात, मोठ्या संख्येने आहेत आणि गोरबोली या त्यांच्या भाषेत स्त्रियांच्या गाण्याचे भांडार निराळे आहे. श्रावणात तीज या सणाला कुमारिका टोपल्यांमध्ये गहू पेरून त्यांची रोपे वाढवतात आणि रोज पाणी घालताना फेर धरून गातात. होळीला स्त्री-पुरुष लेंगी गातात, ज्यात थट्टा, सवाल-जवाब आणि देवस्तुती एकत्र नांदतात. ही गाणी सामुदायिक आहेत. त्यांच्या कॅसेटी निघाल्या, पुढे सीडी निघाल्या, आणि नंतर मोबाइलच्या मेमरी कार्डावरून ती ट्रॅक्टरपर्यंत व वरातीपर्यंत पोहोचली. ती गाजली, आणि गाजणाऱ्या गाण्याचे जे होते ते त्यांचेही झाले.

परंतु बंजारा स्त्रीगीतांत ढावलो नावाचा एक प्रकार असा आहे की जो गाजूच शकत नाही, आणि या निबंधाच्या विषयाला तोच सर्वाधिक भिडतो. ढावलो म्हणजे लग्न होऊन निघालेल्या नवरीने रडत गायचे गाणे. ती एकेका आप्ताच्या गळ्यात पडते आणि त्या एकाच माणसाला उद्देशून गाते. याडीला म्हणजे आईला निराळे, बापाला निराळे, भावाला निराळे, मैत्रिणीला निराळे, आणि तांड्याचा प्रमुख जो नायक, त्यालाही निराळे. आधी हाक येते. त्या हाकेतला शेवटचा स्वर ती ओढून धरते, श्वास पुरत नाही तोवर लांबवते, मग ओळ वरून खाली घरंगळत येते आणि तिच्या टोकाला हुंदका येतो. हा हुंदका गाण्यात आलेला व्यत्यय नव्हे. तालवाद्य नसलेल्या या गायनात ओळ कोठे संपली हे त्याच्यावरूनच कळते, म्हणून त्याला यतीच म्हणायला हवे. गळ्यात पडलेल्या आईने मध्येच उत्तर द्यायला सुरुवात केली की दोन आवाज एकमेकींत मिसळतात आणि कोणती ओळ कोणाची, हे बाजूला उभ्या असलेल्यांना सांगता येत नाही.

लग्न ठरले की जाणत्या बाया मुलीला ढावलो शिकवीत असत. शिकवीत ती चौकट: हाक कशी घालायची, कोणत्या नात्याला कोणत्या उपमा शोभतात, कोठे थांबायचे. त्या चौकटीत भरायचा मजकूर मात्र नवरीचा स्वतःचा असे. कोणत्या शेतात ती बापाबरोबर राबली, कोणत्या आजारात आईने रात्र जागवली, धाकट्या भावाला तिने कमरेवर घेऊन कसे वाढवले, आणि कधी कधी, कोणती गोष्ट या घराने तिला नाकारली, हे सारे त्यात येऊ शकते. एरवी ज्या मुलीने वडीलधाऱ्यांपुढे वर मान करून बोलू नये असा दंडक होता, तिला त्या एका दिवशी, त्या एका सुरात, सगळे बोलण्याची मुभा असे, आणि तिने बोललेले कोणी मोडून काढत नसे. गिटार घेऊन एकटीने व्यासपीठावर बसणाऱ्या कवयित्री-गायिकेबद्दल जे जे सांगितले जाते, म्हणजे शब्द तिचे, सूर तिचा, आवाज तिचा आणि अनुभवही तिचा, ते सर्व दिग्रस-पुसदच्या तांड्यावरच्या या मुलीला अक्षरशः लागू पडते. फरक इतकाच की हे गाणे ती आयुष्यात एकदाच गाते आणि दुसरी कोणी ते तसेच्या तसे गाऊ शकत नाही, कारण दुसरीचा बाप निराळा असतो.

ढावलोनंतर हवेली येते. निरोपाच्या वेळी सजवलेल्या बैलावर नवरीला उभे केले जाते आणि तेथून ती आपल्या बापाच्या घराला आणि साऱ्या तांड्याला सुख मागते; आधी रडून गाऱ्हाणे मांडणारी मुलगी आता आशीर्वाद देणारी होते. या बैलाला इतिहास आहे: बंजारा समाज पूर्वी पाठीवर धान्य आणि मीठ लादलेल्या बैलांच्या तांड्यांनी, ज्या वाहतुकीला लदेणी म्हणत, देशभर माल पोहोचवत असे; रेल्वे आणि सडका आल्या तशी लदेणी मोडली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळला आलेली आणि पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखली गेलेली अरुंद मापाची गाडी वऱ्हाडचा कापूस वाहू लागली, तेव्हा बैलाच्या पाठीवरचा व्यापार या भागातूनही उठलाच होता. व्यापार गेला तरी बैल लग्नात राहिला, आणि त्याच्या पाठीवर उभी राहून गाणारी मुलगी राहिली.

आता तीही कमी होत चालली आहे. शिकलेल्या मुलींना गळ्यात पडून मोठ्याने रडणे संकोचाचे वाटते, लग्नाचा वेळ मंगल कार्यालयाच्या भाड्याने मोजला जातो, आणि डीजेच्या आवाजात एका माणसाला उद्देशून गायलेले गाणे ऐकू जाणे अवघडच. या बदलाबद्दल केवळ हळहळणे योग्य नव्हे, कारण ज्या मुलीला एरवीही बोलता येते तिला रडण्याच्या मुभेची गरज उरत नाही, आणि ती गरज न उरणे ही भली गोष्ट आहे. तरीही ज्यांनी ते गायले त्या बाया आज तांड्यांवर आजी म्हणून नांदत आहेत आणि त्यांना आपले ढावलो आठवते, याची नोंद घेतलीच पाहिजे.

या जिल्ह्यातील स्त्रीने स्वतःचे दुःख स्वतःच्या तोंडाने मोठ्या मंचावर सांगितल्याचे उदाहरणही आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला पुन्हा साहित्य संमेलन भरले. लोकसाहित्याच्या आणि स्त्रियांच्या वाङ्मयाच्या अभ्यासक अरुणा ढेरे त्याच्या अध्यक्ष होत्या, आणि लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याच्या वादानंतर उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातील राजूर येथील वैशाली येडे यांना देण्यात आला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी असलेल्या येडे यांनी ‘तेरवं’ या, शेतकरी विधवांनी भूमिका केलेल्या नाट्यप्रयोगात काम केले होते. दुःख सांगण्यासाठी दुसऱ्याचा आवाज उसना घ्यायचा नाही, ही जी गोष्ट ढावलोने एका दिवसापुरती मान्य केली होती, ती त्या दिवशी भर मांडवात घडली.

यवतमाळच्या स्त्रीगीतांचा निवडक संग्रह कधी निघालाच, तर तो जोनी मिचेल यांच्याप्रमाणे दोन भागांत निघणे उचित ठरेल. पहिल्या भागात सर्वांच्या ओठांवर असलेल्या ओव्या, तीजेची गाणी आणि लेंगी येतील आणि ‘पारंपरिक’ या शिक्क्याऐवजी प्रत्येकीसमोर निदान ती गाऊन दाखवणारीचे नाव व गाव येईल. दुसऱ्या भागात कधीच न गाजलेली, एकदाच गायलेली गाणी येतील, आणि तेथे अडचण निराळी असेल: ढावलोत घरची भांडणे येतात, दागिने मोडल्याचे येते, मनाविरुद्ध ठरलेल्या सोयरिकीचे येते, आणि ज्यांच्याबद्दल ते गायले गेले त्यांची मुले-नातवंडे त्याच तांड्यावर राहतात. म्हणून ध्वनिमुद्रण झाल्यावर ते त्या आजीला परत ऐकवावे लागेल, कोणती ओळ ठेवायची आणि कोणती गाळायची हे तिला विचारावे लागेल, आणि तिने सगळेच गाळायला सांगितले तर ते मान्य करावे लागेल. जे उरेल त्याच्या नोंदीत गाणारीचे माहेरचे नाव, तांडा, तालुका, लग्नाचे साल, तिला शिकवणाऱ्या बाईचे नाव आणि हे गाणे कोणाच्या गळ्यात पडून गायले होते त्या माणसाचे नाते, एवढे रकाने लागतील. गीतकार, संगीतकार आणि गायिका यांसाठी तीन निराळे रकाने आखण्याचे मात्र कारण पडणार नाही.